शनिवारचा दादा आणि रोजची ताई

मागच्या सत्रात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावला होता, आठवतोय का? मेसच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारीच होता, त्यामुळे सगळ्यांनी वाचला असणार. त्यात लिहिलं होतं, की पुण्याच्या एका कंपनीचे कर्मचारी आणि आपल्या जिल्ह्यातली एक स्वयंसेवी संस्था मिळून जोखमीच्या परिस्थितीतल्या मुलांसाठी मार्गदर्शन उपक्रम सुरू करत आहेत. कंपनीचे लोक फोनवरून बोलतील, महिन्यातून एकदा येतील, आणि आपण होस्टेलचे विद्यार्थी इथले जोडीदार म्हणून काम करू. आठवड्याला एक तास. शेवटची ओळ ठळक अक्षरात होती: प्रमाणपत्र मिळेल.

दोन दिवसांत कागदाखाली चाळीसच्या वर नावं पडली. निम्मी फायनल इयरची. मी नाव लिहिलं नाही. रूम पार्टनर म्हणाला, "कामून रे? तू तर सेनगावचा. तुझ्याच भागातली लेकरं आहेत ना ती?" त्या वेळी मी सबमिशनचं कारण सांगून सुटलो. पण कारण ते नव्हतं. खरं कारण सांगायचं म्हणून वाचायला बसलो, लायब्ररी आणि नेट धुंडाळलं, आणि त्यातून हा लेख झाला. थोडा अभ्यासाचा आहे, थोडा माझा स्वतःचा आहे. सांभाळून घ्या.

आधी ‘जोखमीचं मूल’ म्हणजे कोण, ते बघू. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईच्या स्टेशनवरचा पोरगा येतो. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास. कापूस, सोयाबीन, आणि वसमतकडची हळद. पाणी असलेल्याचं बरं चालतं. कोरडवाहू दोन एकरवाला मात्र दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कोयता घेऊन निघतो. पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. कोणी वीटभट्टीवर जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा हिशोब तुमच्यापैकी पुष्कळांना समजावून सांगायची गरज नाही. मुलांचं काय करायचं हा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबरात घरोघरी बसतो. बरोबर नेलं तर शाळा सुटते आणि पोर कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत, पाणी भरत, वाढे बांधत बसतं. मागे ठेवलं तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. मुलगी तेरा-चौदाची झाली असेल तर तिसरा रस्ताही असतो, तो म्हणजे उन्हाळ्यात तिचं लग्न लावून देणं. याशिवाय वडिलांनी आत्महत्या केलेली मुलं आहेत, करोनात आई किंवा बाप गेलेली मुलं आहेत. ही मुलं रस्त्यावर नसतात. वर्गात तिसऱ्या बाकावर असतात. एक दिवस तो बाक रिकामा होतो, आणि हजेरीपटावर काही दिवस नाव तसंच राहतं.

शासनाच्या योजना आहेत, हे नाकारायचं कारण नाही. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवलं जातं. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं, अशीही सोय आहे. आईबापाचं छत्र हरवलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिचं महिन्याचं अनुदान २०२३ मध्ये ११०० वरून २२५० रुपये झालं आणि नावाला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव जोडलं गेलं. जेवण, कार्ड, पैसे, या गोष्टी योजनेत बसतात. ‘काल शाळेत का आला नाहीस?’ असं विचारणारं माणूस कुठल्याच योजनेत लिहिलेलं नसतं. मार्गदर्शन उपक्रमाची कल्पना नेमकी त्या जागेवर उभी आहे.

आता माझी गोष्ट. मी सातवीत असताना, म्हणजे २०१७ साली, आमच्या जिल्हा परिषद शाळेत एका कंपनीची माणसं आली. निळे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. प्रत्येक मुलाला एक मेंटर मिळणार असं सांगण्यात आलं. आम्ही पोरं त्यांना ‘मीटर सर’ म्हणायचो, कारण मेंटर हा शब्द आम्हाला तसाच ऐकू आला. माझ्या वाट्याला आलेला दादा इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर होता. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "विहिरीवरची मोटर चालू करताना हिरवं बटण दाबून सोडून देतोस, तरी मोटर चालूच कशी राहते?" मला येत नव्हतं. दुसऱ्या शनिवारी त्याने वहीत स्टार्टरची आकृती काढून दाखवली. बटण सोडलं तरी कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो, हे मला त्या दिवशी कळलं. आज मी इलेक्ट्रिकलला आहे, ते त्या आकृतीमुळे आहे असं मी व्हायवात सांगणार नाही, पण तुम्हाला सांगतो.

दादा महिन्याच्या दर दुसऱ्या शनिवारी यायचा. पाच वेळा आला. त्या वर्षी माय आणि अप्पा दिवाळीनंतर कारखान्याला गेले, मी आजीजवळ राहिलो. डिसेंबरात मी पाराजवळ बसून राहिलो, गाडी आली नाही. जानेवारीत गाडी आली, पण त्यात दादा नव्हता, दुसरेच कोणी होते. त्यांनी कंपासपेट्या वाटल्या, फोटो काढले आणि ते गेले. दादाने नोकरी बदलली होती, हे मला दोन वर्षांनी गुरुजींकडून समजलं. त्यात त्याचा काही दोष नाही. पण तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आणि मला एवढंच वाटलं की मागच्या वेळी मी गुणाकारात चुकलो म्हणून तो आला नाही. फेब्रुवारीत मी आठ-दहा दिवस शाळेतच गेलो नाही. आजीला कळलंही नाही.

मला शाळेत परत नेलं ते हंगामी वसतिगृहावर असलेल्या ताईने. ती आमच्याच गावची, बारावी झालेली, तुटपुंज्या मानधनावर काम करणारी. तिला इंग्रजी धड येत नव्हतं, स्टार्टर तर माहीतच नव्हता. ती रोज संध्याकाळी पोरं मोजायची. एक पोर कमी भरलं की कंदिलासारखी बॅटरी घेऊन घरी यायची. "ऊठ, खिचडी गार व्हायली," एवढंच म्हणायची.

ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटत नव्हतं. वाचायला लागल्यावर लक्षात आलं की या नेमक्या प्रसंगावर जगात लोकांनी मोठाले अभ्यास केलेले आहेत.

मोठ्या माणसाने अनोळखी मुलाची सोबत करायची, या कल्पनेचं संघटित रूप अमेरिकेत १९०४ च्या सुमारास सुरू झालं. न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातले कारकून अर्नेस्ट कोल्टर यांनी लोकांना आवाहन केलं, की कोर्टात येणाऱ्या एकेका मुलाचा एकेकाने मोठा भाऊ व्हावं. त्यातूनच पुढे ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था वाढली. १९९५ साली तिच्या कामाची जी तपासणी प्रसिद्ध झाली ती आपल्या भाषेत कंट्रोल ग्रुपसह केलेला प्रयोग होता. दहा ते सोळा वयाची ९५९ मुलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्म्यांना लगेच जोडीदार मिळाला, निम्मी प्रतीक्षा यादीत राहिली. दीड वर्षाने पाहिलं तर जोडीदार मिळालेल्या मुलांत नशेला सुरुवात करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं आणि शाळा बुडवण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. गंमत अशी की हे मोठे भाऊ-बहिणी काही व्यसनमुक्तीवर भाषणं देत नव्हते. फिरायला जायचे, खेळायचे, गप्पा मारायचे.

इथपर्यंत वाचून मी खूश झालो होतो. मग २००२ सालचा ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींचा लेख सापडला. त्यांनी त्याच प्रयोगातली माहिती घेतली आणि जोडी किती काळ टिकली यानुसार मुलांचे गट पाडले. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांत फायदा सगळ्यात मोठा होता. जसजसा काळ कमी, तसतसा फायदा कमी. आणि ज्यांची जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांची स्वतःबद्दलची आणि स्वतःच्या अभ्यासाबद्दलची भावना खाली गेली होती. म्हणजे उत्तर शून्यावर थांबत नव्हतं, ऋण येत होतं. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग डिसेंबरातला तो पार आठवला.

याहून जुना आणि याहून कडू प्रयोग केंब्रिज-सॉमरव्हिलचा. मॅसॅच्युसेट्समधल्या ५०६ मुलांवर तो १९३९ ते १९४५ या काळात झाला. समान परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावून नाणेफेक केली, एकाला मदत, दुसऱ्याला नाही. मदत सरासरी पाच वर्षं चालली. घरी भेटी, शिकवण्या, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं, सगळं काही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने या माणसांना शोधून काढलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश लोक म्हणाले, आम्हाला त्याचा उपयोग झाला. पण नोंदी तपासल्या तर दारू, मानसिक आजार, पुन्हा पुन्हा होणारे गुन्हे, लवकर येणारा मृत्यू, या बाबतींत हीच माणसं मदत न मिळालेल्यांपेक्षा मागे होती. का, यावर अजून वाद आहेत. एक शक्यता मॅकॉर्ड यांनीच मांडली होती: बाहेरच्या माणसाच्या आधाराची सवय लागली आणि तो आधार गेला की आपलं आयुष्य जास्तच कमी वाटू लागतं. आपण इंजिनिअरिंगवाले फीडबॅक घेतो तो ‘कार्यक्रम कसा वाटला?’ असा फॉर्म भरून. या प्रयोगात तो फॉर्म उत्तम भरला गेला असता.

परदेशातलं इथे कशाला, असं कोणी म्हणेल. मग आपल्याकडचं बघा. मुंबईत १९९५ पासून काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने सरकारी शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच तरुण मुली, दहावी-बारावी झालेल्या, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन वाचन आणि हिशोब पक्का करून घ्यायचा, एवढंच काम. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची मोजणी केली. दुसऱ्या वर्षाअखेर मुलांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले होते. सांख्यिकीचा पेपर ज्यांनी काढलाय त्यांना हा आकडा शिक्षणाच्या क्षेत्रात किती मोठा आहे ते समजेल. ज्यांची ए.टी.के.टी. आहे त्यांनी विश्वास ठेवावा. बालसखी थांबली त्यानंतर वर्षाने तोच फायदा ०.१० पर्यंत उतरला. याच दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या गावच्या ताईचं काम नोबेलवाल्यांनी मोजलेलं आहे, हे तिला सांगितलं तर ती हसेल.

मग कंपनीच्या माणसाची गरजच नाही का? असं मी म्हणणार नाही. स्टार्टरची आकृती ताई काढू शकली नसती. ताई गावात धरून ठेवते, आणि गावाबाहेर काय आहे ते बाहेरून आलेला माणूस दाखवतो. मुंबईत २००७ पासून ‘कॅटलिस्ट’ नावाचा उपक्रम चालतो. कमी उत्पन्नाच्या घरातल्या, इंजिनिअरिंग आणि तत्सम शिक्षण घेणाऱ्या मुलींना पैशांच्या मदतीबरोबर नोकरी करणारा एक अनुभवी मार्गदर्शक दिला जातो, आणि सोबत पदवीपर्यंतची असते, महिन्या-दोन महिन्यांची नसते. पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती तर १९५५ ची, डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली. खेड्यातून आलेल्या मुलांना राहायला जागा, जेवण, अंगावर कामाची जबाबदारी, आणि भोवती हाक मारण्याजोगी मोठी माणसं. कॉर्पोरेट हा शब्द मराठीत यायच्या आधीची गोष्ट. आणि विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकणारी शाहीन मिस्त्री हिने वस्तीतली पंधरा मुलं आणि कॉलेजातले स्वयंसेवक घेऊन वर्ग भरवायला सुरुवात केली, त्यातून १९९१ मध्ये ‘आकांक्षा’ उभी राहिली. या तिन्ही ठिकाणी काम वर्षानुवर्षं चाललं, आणि माणूस बदलला तरी मुलाचा धागा धरून ठेवणारं कोणीतरी तिथे कायम होतं.

कंपन्या आता एवढ्या संख्येने का येतात, तेही समजून घेऊ. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. याच कलमात म्हटलंय की कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं. ज्या जिल्ह्यात मोठे कारखाने, त्या जिल्ह्याला साहजिकच जास्त. आपल्याकडे किती आहेत ते लिंबाळ्याच्या एम.आय.डी.सी.कडे एक चक्कर मारली की कळतं. औंढ्याजवळ लायगोचा प्रकल्प होतोय, २०२३ मध्ये केंद्राने त्याला २६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेली लहर तिथे टिपली जाईल. नोव्हेंबरात उसाला गेलेलं मूल कुठल्या कारखान्यावर आहे, हे टिपणारं यंत्र मात्र अजून गुरुजींचा मोबाइलच आहे.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची रुपयांत किंमत लावून ती या २ टक्क्यांत दाखवता येत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलंय. म्हणजे मुलाशी बोललेल्या तासाचा कंपनीला कायद्याच्या हिशोबात काही फायदा नाही. मला हे बरंच वाटतं. पण मग कंपनी हा वेळ का देते? काही माणसं मनापासून येतात. आमच्या दादासारखी. काही ठिकाणी टीमचा उत्साह वाढवायला, सहल आणि सेवा एकत्र, असं असतं. या दोन प्रकारच्या माणसांत फरक ओळखायचं काम स्थानिक संस्थेचं. मूल निवडणं, आजी-आजोबांची संमती घेणं, आलेल्या माणसाची पडताळणी करणं, जोडी लावणं, आणि जोडी तुटली तर मुलाला सांगायला जाणं, हे सगळं एक पगारी समन्वयक करतो. दप्तरं आणि कंपासपेट्यांसाठी देणगी पटकन मिळते. या समन्वयकाच्या पगारासाठी मिळत नाही, असं संस्थेचे लोक सांगतात. माझ्या बाबतीत हाच माणूस नव्हता.

आता मूळ मुद्दा. मी एका वहीच्या पानावर बारा महिन्यांच्या तीन रांगा आखल्या. एक मुलाची, एक कंपनीची, एक आपली.

मुलाच्या वर्षात धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घर निघायचं की राहायचं हे ठरतं. डिसेंबर ते फेब्रुवारी एकटेपणाचे. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात, हळद शिजवण्याची धांदल असते, आणि त्यातच वार्षिक परीक्षा. एप्रिल-मे लग्नसराई. जूनमध्ये पुन्हा नाव घालायचं की नाही. सगळ्यात कमी धोका जुलै ते सप्टेंबर.

कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. मार्चअखेर त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. दिवाळीत सुट्ट्या, डिसेंबरअखेर पुन्हा सुट्ट्या. उत्साहाने सुरुवात होते ती बहुतेक जून-जुलैत, शाळेबरोबर.

आपलं तर काय सांगायचं! नोव्हेंबर-डिसेंबरात हिवाळी परीक्षा, त्याआधी सबमिशन आणि प्रॅक्टिकल. मे महिन्यात उन्हाळी परीक्षा, मग होस्टेल रिकामं. आपण मोकळे असतो ते जुलै ते सप्टेंबर.

पाहिलंत? ज्या तीन महिन्यांत मुलाला आपली गरज सगळ्यात कमी, त्याच तीन महिन्यांत कंपनी आणि कॉलेज दोघंही तिथे हजर. आणि नोव्हेंबरात व मेमध्ये, जेव्हा एका फोनने फरक पडू शकतो, तेव्हा दोघंही गायब. कोणाची दुष्टबुद्धी नाही, फक्त वेळापत्रक आहे. जुलैला सुरू झालेली जोडी ऑक्टोबरात तुटली म्हणजे किती महिने झाले, ते मोजा आणि वर ग्रॉसमन-ऱ्होड्सच्या परिच्छेदाकडे परत जा. फायनल इयरवाल्यांची निम्मी नावं पाहून माझ्या पोटात का गोळा आला, ते आता लक्षात येईल. कॅम्पस सुरू झाला की ती मुलं बिचारी स्वतःलाच सापडत नाहीत.

हे पान घेऊन मी सरांकडे गेलो. वाटलं होतं रागावतील. त्यांनी पान ठेवून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात संस्थेच्या समन्वयक ताईंना बोलावलं. त्या बैठकीत जे ठरलं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या वर्षी कोणाला हा कागद पुन्हा लावायचा असेल तर उपयोगी पडेल.

नावं फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची घ्यायची, आणि किमान पुढच्या जूनपर्यंतची. एका मुलामागे तिघं: कंपनीचा एक, होस्टेलचे दोघं. पंपहाउसमध्ये स्टँडबाय पंप असतो तसा दुसरा. एकाची परीक्षा असली तर दुसऱ्याचा फोन जाईल, कारण आपल्या शाखांचे पेपर एकाच दिवशी नसतात. फोन आठवड्याला एकदाच, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं. घरात एकच मोबाइल असतो आणि तो आजीच्या नाहीतर चुलत्याच्या हातात असतो, म्हणून वेळ त्यांना विचारून. मूल टोळीबरोबर गेलं तर फोन थांबवायचा नाही, मुकादमाच्या फोनवर लागला तरी चालेल. तिथे गेल्यावर शिक्षण हमी कार्ड दाखवून जवळच्या शाळेत बसलं का, एवढं विचारायचं. वस्तू द्यायच्या नाहीत. "मी तुला पुण्याला नेईन" छापाचं काही बोलायचं नाही. समन्वयक ताई म्हणाल्या, "पोरं विसरत नाहीत बरं का, तुम्ही विसरता." आणि सोडून जायची वेळ आली तर शेवटची भेट समोरासमोर घेऊन, कारण सांगून जायचं. हा नियम मी सुचवला. का, ते विचारलं नाही कुणी.

दोन-तीन गोष्टी कायद्याच्या आहेत, त्या इथे लिहून ठेवतो. मुलाला घरी किंवा रूमवर एकट्याने भेटायचं नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्याला बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ आड येतं, त्यामुळे स्टेटसवर फोटो ठेवणं ही हौस नव्हे, गुन्ह्याकडे नेणारी गोष्ट आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पोलिसांना न सांगणं हा पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे अपराध आहे, मग मुलाने ‘कुणाला सांगू नका’ म्हटलेलं असो. म्हणून ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच द्यायचं नाही. मुलीच्या लग्नाची कुणकुण लागली तर स्वतः हिरो होऊन मांडवात जायचं नाही. समन्वयकाला आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर कळवायचं. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताच्या नावाने ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. ही लाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली होती, आता शासन चालवतं. फोन फुकट लागतो.

बोलायचं काय, हा प्रश्न बैठकीत सगळ्यात जास्त वेळा आला. एक जण म्हणाला, मी मोटिव्हेशनल गोष्टी सांगीन. ताईंनी हात जोडले. काय जेवलास, शाळेत कोण आलं नव्हतं, बैल कसा आहे, गुरुजींनी काय दिलंय, तिथूनच सुरुवात होते. मूल पहिले दोन महिने ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे जात नाही, हे गृहीत धरायचं. आमच्या एका मित्राला याची भारी काळजी होती: "बोललंच नाही तर?" मी त्याला सांगितलं, दादाबरोबर पहिल्या दोन शनिवारी मी तोंडही उघडलं नव्हतं, आणि तरी पाराजवळ जाऊन बसत होतो.

एक शंका माझी अजून गेलेली नाही. तिघांची ही साखळी कागदावर चांगली दिसते, पण मुलाच्या दृष्टीने तीन अर्धी माणसं म्हणजे एक पूर्ण माणूस होतं का? मोठा भाऊ वाटून घेता येतो का? ताईंना विचारलं तर म्हणाल्या, बघू, मेमध्ये कळेल. संस्थेने गावातल्या चार मुलींनाही थोडं मानधन देऊन यात घेतलंय, रोज संध्याकाळी मुलं मोजायला. माझ्या मते कंपनीच्या पैशाचा या उपक्रमातला सगळ्यात चांगला खर्च तोच आहे, पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

नोटीस बोर्डावर नवा कागद लागलाय. प्रमाणपत्राची ओळ सरांनी काढून टाकली, तेव्हा चाळीसची अकरा नावं झाली. अकरावं माझं आहे. मला मिळालेला मुलगा सहावीत आहे, त्याचे आईबाप यंदा कर्नाटकात जाणार आहेत, आणि त्याच्या आजीने दिलेली वेळ गुरुवारी संध्याकाळी साडेसातची आहे. नेमकी मेसची वेळ. तेव्हा ब्लॉकमधल्या कुणीतरी गुरुवारी माझं ताट झाकून ठेवावं, ही विनंती.